धाकटीचा फ्रिज

तिला सगळे धाकटी म्हणत. दोघी बहिणींतली ती लहान, म्हणून माहेरी धाकटी. लग्न झाल्यावर नवऱ्याने मेहुणीच्या तोंडून तेच ऐकलं आणि तेच उचललं. पुढे परदेशात बिऱ्हाड केल्यावर तिथल्या शेजारणीही तिला त्याच नावाने हाक मारायला लागल्या. अर्थ ठाऊक नाही, उच्चार जिभेला जमेल तसा. पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी ती धाकटीच राहिली.

नवरा सूतगिरणीत मास्तर. शाळेतला नव्हे; कापसाचं सूत कातलं जातं त्या खात्यावर ज्याची हुकमत चालते, त्याला गिरणीत मास्तर म्हणतात. इकडची गिरणी बंद पडली तेव्हा मास्तर चाळिशीला टेकले होते. ओळखीच्या एकाने परदेशातल्या गिरणीचं काम आणलं. "दोन वर्षं काढतो आणि येतो," असं सांगून ते गेले. गेल्यावर जम बसला, मग त्यांनी धाकटीला आणि लहानग्या मुलीला बोलावून घेतलं. त्या दोन वर्षांची पुढे किती झाली ते कुणी धरून ठेवलं नाही. दरवर्षी निघायचं ठरे आणि दरवर्षी काहीतरी निघे.

घर गिरणीपासून चालत जाण्याइतकं जवळ होतं. तळमजल्यावर किराणा दुकान, पहिल्या मजल्यावर हे, वर एक विधवा शिक्षिका. दोन खोल्या एकामागे एक, मग अंधारा लांब बोळ, आणि बोळाच्या टोकाला स्वयंपाकघर. रस्त्याकडच्या खिडकीतून हात लांबवला तर विजेच्या तारांना लागेल, इतक्या त्या जवळून गेल्या होत्या. खांबावर तारांचा नुसता गुंता. त्यातली कुठली कुणाच्या घरात जाते हे वायरमनलाही बोट दाखवून सांगता येत नसे.

धाकटीने येताना साड्यांच्या घडीत गुंडाळून मिक्सर आणला होता. पंधरवडाही टिकला नाही. एका सकाळी तो अचानक किंचाळल्यासारखा फिरला, बुडातून धूर आला आणि भांड्यातलं वाटण तसंच राहिलं. मास्तर दाराशी बूट चढवत होते. ते म्हणाले, "झालं! आता इथली झालीस तू."

"म्हणजे काय?"

"इथे आल्यावर प्रत्येकाचं काहीतरी जळतं. माझा रेडिओ गेला होता."

मिक्सरचं तिने मनावर घेतलं नाही. पण उन्हाळ्यात फ्रिज जळाला तेव्हा तिच्या डोळ्यांना धार लागली. मुलगी तापाने फणफणलेली, औषधाची बाटली गारव्यात ठेवायची, आणि दुपारी वीज जाऊन आली ती अशी काही आली की फ्रिजने एकदाच खाडकन आवाज केला आणि गप्प झाला. मागून मोटारीच्या तारेवरची लाख जळल्याचा वास. ती फ्रिजला टेकून रडत बसली. मास्तर घरी आल्यावर तिची समजूत घालत म्हणाले, "अगं, फ्रिज मेलाय, माणूस नाही."

"तुम्ही दिवसभर गिरणीत असता. मला या घरात सोबत कुणाची होती? त्याचीच घरघर होती."

मास्तरांना हसू आलं. पण ते हे वाक्य विसरले नाहीत. पुढे कुणी पाहुणा आला की हमखास सांगत, "आमच्याकडे दोन संसार आहेत. एक माझा आणि हिचा, दुसरा हिचा आणि फ्रिजचा."

वीज जाण्याचं तिला काही वाटत नसे. जाते ती येते. खरा घोर होता तो येताना अंगावर येणाऱ्या विजेचा. हे तिला वरच्या बाईने शिकवलं. वरची बाई म्हणजे ती शिक्षिका. भाषा अर्धीमुर्धी कळायची तेव्हा, पण बाई शाळेत लहान मुलांना शिकवणारी, तिला हातवारे करून समजावण्याची सवय होती. तिने धाकटीला हाताला धरून घरभर फिरवलं आणि वीज गेल्याबरोबर सगळे प्लग भिंतीतून उपटायला लावले. बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. एकच साधा पिवळा बल्ब चालू ठेवायचा. वीज आली की त्या बल्बकडे बघायचं. तो पांढराफटक पेटला तर कशालाही हात लावायचा नाही. निखाऱ्यासारखा लालसर पेटला तरीही नाही, कारण कमी दाबावर मोटार कण्हत राहते आणि जळते. बल्ब नेहमीच्या रंगावर येऊन स्थिर झाला की आधी पंखा, आणि सगळ्यात शेवटी फ्रिज.

धाकटीने ते असं अंगी बाणवलं की पुढे तिला बल्बकडे बघावंही लागेना. पंख्याच्या आवाजावरून तिला दाब कळे. बोलता बोलता ती मध्येच उठे, बोळातून स्वयंपाकघरात जाई, फ्रिजचा प्लग काढून येई आणि तुटलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू करी. तोवर वीज गेलेली असे. मुलगी मैत्रिणींना सांगायची, "माझ्या आईला आधीच कळतं."

दुसरा फ्रिज आणला तेव्हा मास्तरांनी सोबत एक चांगला स्टॅबिलायझर मिळवला. गिरणीसाठी बाहेरून यंत्रांचे सुटे भाग येत, त्या खोक्यातून आलेला. जड, करड्या रंगाचा, पुढे काटा आणि दोन दिवे. हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक. लाल दिवा म्हणजे दाब मर्यादेच्या बाहेर गेला आहे आणि स्टॅबिलायझरने पुढची वीज स्वतःच तोडली आहे. मग बाहेर काहीही होवो, त्याला जोडलेल्या वस्तूला धक्का लागत नाही. वायरमनने हे धाकटीला दोनदा समजावलं. मास्तर शेजारी पेपर वाचत बसले होते. घरातल्या विजेचं खातं बायकोचं, यात त्यांना कधी शंका नव्हती. गिरणीत सूत कातणाऱ्या शेकडो चात्यांवर नजर ठेवणारा हा माणूस घरात बल्बसुद्धा बदलत नसे. धाकटीही त्यांना हात लावू देत नसे. "तुम्ही राहू द्या, तुम्हाला नाही जमायचं," हे तिचं ठरलेलं.

मुलगी मोठी झाली. तिथली शाळा एका इयत्तेनंतर थांबत होती, म्हणून तिला मायदेशी थोरलीकडे, म्हणजे धाकटीच्या बहिणीकडे ठेवलं. घर एकदम रिकामं झालं. आणि त्याच सुमारास मास्तरांचा खोकला सुरू झाला.

सुरुवातीला तो फक्त सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी यायचा. एक दिवस घरी आराम करून गिरणीत गेलं की छाती कुणीतरी आवळल्यासारखी व्हायची. आठवड्याच्या शेवटी बरं वाटायचं. गिरणीतल्या सगळ्यांचंच तसं होतं, म्हणून त्याला आजार कुणी म्हणत नसे. मास्तर घरी येत तेव्हा भुवयांवर, कानाच्या पाळ्यांवर कापसाची बारीक लव बसलेली असायची. धाकटी ओल्या फडक्याने पुसून काढायची. आत छातीत जी बसत होती ती कोण पुसणार! मुलगी फोनवर म्हणायची, "बाबा, आता पुरे. परत या." मास्तर म्हणायचे, "पुढच्या वर्षी." धाकटीही मागून सांगायची, "हो गं, पुढच्या वर्षी नक्की."

मग खोकला रोजचा झाला. जिना चढताना मध्ये थांबावं लागायला लागलं. एकदा गिरणीतून चौघांनी उचलून आणलं. डॉक्टरने फोटो काढले आणि धाकटीला बाजूला घेऊन सांगितलं, फुप्फुसं कामातून गेली आहेत, दिवसातला बराचसा वेळ प्राणवायू द्यावा लागेल.

"आम्ही आमच्या देशात परत जातो," धाकटी म्हणाली.

"या अवस्थेत विमानात बसवू नका. इतक्या लांबचा प्रवास सोसायचा नाही. आधी थोडं सावरू दे, मग बघू."

जी दारं इतकी वर्षं उघडी होती ती अशी एका वाक्यात बंद झाली. घरी परतल्यावर मास्तर जिन्याच्या तळाशी येऊन वर बघत म्हणाले, "केवढा उंच बांधलाय हा!"

गिरणीने एक मशीन दिलं आणि हात झटकले. हवेतून प्राणवायू वेगळा काढून नळीने नाकात सोडणारं मशीन. प्रवासी बॅगेएवढं, चाकांवर सरकणारं, सतत धापा टाकल्यासारखा आवाज करणारं. सोबत अडीअडचणीला एक लोखंडी सिलिंडर. वीज गेली की नळी मशीनवरून काढून सिलिंडरला लावायची आणि चावी फिरवायची. मशीन बसवायला आलेल्या माणसाने धाकटीला बजावलं, "दाब वरखाली झाला तर याची आतली सर्किटची पाटी जळेल. दुसरी इथे मिळत नाही."

तो माणूस खाली रस्त्यावरही पोचला नसेल, तोवर धाकटी स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजमागचा स्टॅबिलायझर ओढत होती. मास्तरांनी पलंगावरून आवाज ऐकला.

"काय करतेस गं?"

"हा इकडे आणते. मशीनला लावते."

"आणि फ्रिज?"

"राहील तसाच."

"अगं, उघडा पडला की तो!"

"पडू दे. तुमच्यापेक्षा का जास्त आहे तो?"

मास्तर हसले, पण त्यांना ते लागलं असावं. त्या दिवसापासून ते अधूनमधून विचारत, "फ्रिजला दुसरा बघितलास का?" तिने बघितला होता. बाजारात मिळत होते ते हलके, पत्र्याचे. वायरमन म्हणाला, "ताई, हा लावलात तर वीज राहू दे, हाच पेटेल." चांगला बाहेरून मागवायला हवा होता. गिरणीतल्या एकाला सांगून ठेवलं होतं. तो आज आणतो, उद्या आणतो करत राहिला.

तोवर धाकटीच फ्रिजचा स्टॅबिलायझर झाली. एक कान मशीनच्या धापेकडे, दुसरा पंख्याकडे. बोळातून दिवसभर येरझाऱ्या. कपडे हातानेच धुवायला लागली, कारण धुलाई यंत्र लावलं की स्टॅबिलायझरचा काटा खाली झुके. इस्त्री बंद झाली. मास्तरांना ती परत परत सांगे, "मी नसताना मशीन थांबलं तर आधी सिलिंडर. ऐकताय ना? आधी सिलिंडर, बाकी सगळं मी आल्यावर."

"अगं हो, मी काय बाळ आहे?"

"बाळ परवडलं."

त्या उन्हाळ्यात दुपारचा दाब फारच पडायला लागला. मशीन कमी दाबावर टीं टीं करून ओरडे आणि बंद पडे. सिलिंडर दुपारभर पुरत नसे. धाकटीने शोधलं तेव्हा कळलं, खालच्या दुकानदाराने दुसरा मोठा फ्रीझर आणला होता आणि त्याची लाइन आणि हिची लाइन एकच होती. ती खाली उतरली.

दुकानदार चांगला माणूस होता. जाडजूड, सतत घामेजलेला. इतक्या वर्षांत त्याने धाकटीला शिळं दूध कधी दिलं नव्हतं. तिने सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "ताई, मला काय हौस आहे? माल नासला तर मी काय विकू?"

"दुपारचा तेवढा एक बंद ठेवाल का? दोन्ही नको, एकच."

"आत गोठवलेला माल आहे."

"वर माझा माणूस आहे."

दुकानदाराने मान खाली घातली. गल्ल्यावरचा कपडा उचलून उगीच फळी पुसली. मग म्हणाला, "झाकण उघडलं नाही तर तासभर, दोन तास धरतो गारवा. बघू. तुम्ही वरून काठीने ठोका, मी बंद करतो."

तसं ठरलं. दुपारी मशीन कुरकुरलं की धाकटी केरसुणीच्या दांड्याने जमिनीवर ठोके. थोड्या वेळाने काटा वर येई. मास्तर म्हणत, "वा! आता माझा श्वास दुकानदाराच्या हातात." ते गमतीने म्हणत, पण गंमत कुणालाच वाटत नसे. आणि दुकानदारही माणूसच होता. एखाद दिवशी ठोकूनही खालून काही होत नसे. मग धाकटी जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राही. तो वर बघे, शरमे आणि उठून बटण बंद करी. त्या उन्हाळ्यात दोघांनीही एकमेकांच्या नजरेला नजर देणं सोडलं.

उन्हाळा ओसरता ओसरता मास्तर जरासे सावरले. उशीला टेकून बसायला लागले. नळी न लावता खोलीतल्या खोलीत चार पावलं टाकायला लागले. डॉक्टर म्हणाला, असंच राहिलं तर प्रवासाचा विचार करता येईल. धाकटीने थोरलीला फोन केला तेव्हा तिचा आवाज इतका वेगळा होता की थोरलीने आधी ओळखलाच नाही.

ज्या दिवशी ते घडलं त्या सकाळी ती सिलिंडर भरून आणण्याची तजवीज करायला बाहेर पडली होती. घरात भरलेला एक होताच, उन्हाळ्यात घेतलेला दुसरा रिकामा न्यायला गाडी पाठवा म्हणून सांगायचं होतं. वीज सकाळपासून सरळ होती. मास्तरांनी चहा स्वतःच्या हाताने घेतला होता. वाटेत तिच्या चपलेचा अंगठा तुटला. तशीच पाय घासत गेली, काम उरकलं आणि परतताना चपलांच्या दुकानात शिरली. कित्येक महिन्यांत ती स्वतःसाठी अशी कुठे शिरली नव्हती. दुकानदारीण बोलकी होती. तिने स्टूल पुढे केलं, पाणी दिलं, एकामागून एक जोड काढले. धाकटीने एक घालून बघितला, मग दुसरा. आरशात पाय बघितले. करडा घ्यावा की तपकिरी, यावर दोघींचं बराच वेळ बोलणं झालं. दुकानातला दिवा मध्येच मंदावून तांबूस झाला. दुकानदारीण म्हणाली, "बघा, झालं सुरू." धाकटी उठलीच. चपला पायात घालून, जुन्या तिथेच टाकून निघाली.

गल्लीच्या तोंडाशी माणसं गोळा झाली होती. खांबावरची एक तार तुटून लोंबत होती. वायरमन शिडी लावत होता आणि ओरडून सांगत होता, "न्यूट्रल गेलाय! सगळं बंद करा, सगळं काढा!" अशी तार तुटली की काही घरांत दाब निम्म्यावर येतो आणि काही घरांत दुप्पट होतो. कुणाच्या वाट्याला काय येईल ते सांगता येत नाही. धाकटीच्या इमारतीच्या वाट्याला दुप्पट आला होता. खालच्या दुकानातून काळा धूर निघत होता. दुकानदार पोतं घेऊन फ्रीझरवर बडवत होता. त्याने तिला बघितलं आणि नुसतं वर बोट केलं.

ती जिना कशी चढली तिला आठवत नाही. दार उघडून आत गेली. टांगलेला बल्ब फुटून काचा खाली पडल्या होत्या. पलंग रिकामा होता. सिलिंडर पलंगाच्या उशाशी होता तसाच उभा, चावीला हातही लागलेला नव्हता. नळी उशीवर पडलेली. मशीन बंद, त्याचा प्लग स्टॅबिलायझरमधून उपटून जमिनीवर टाकलेला. आणि स्टॅबिलायझरवर लाल दिवा जळत होता.

"अहो!" तिने हाक मारली. "अहो, कुठे आहात?"

मास्तर स्वयंपाकघरात होते. फ्रिजला पाठ लावून जमिनीवर बसलेले, पाय लांब केलेले, मान एका बाजूला कललेली. ओठ निळे. उजव्या हाताच्या मुठीत फ्रिजचा प्लग होता. भिंतीतून ओढून काढलेला.

तिने त्यांना काखेत हात घालून बोळातून ओढत आणलं. वरची बाई शाळेत होती, खाली आग. ती एकटीने ओढत राहिली. नवी चप्पल फरशीवर घसरत होती, ती तिने लाथेने उडवली. सिलिंडर चालू केला, नळी लावली. श्वास होता, पण अगदी खोल विहिरीतून यावा तसा. मग दुकानदार धावत आला, तोंड काजळीने माखलेलं, हात भाजलेला. त्यानेच मास्तरांना पाठीवर घेतलं, आणि सिलिंडर हातात धरून धाकटी मागून जिना उतरली.

दवाखान्यात मास्तर काही दिवस होते. शुद्ध येऊन जाऊन. एकदा त्यांनी डोळे उघडून तिच्याकडे नीट बघितलं. तोंडावर मुखवटा होता, तो त्यांनी बोटाने जरा बाजूला केला.

"फ्रिज?" त्यांनी विचारलं.

धाकटीला ओरडावंसं वाटलं. आग लागो त्या फ्रिजला, तुम्हाला सांगितलं होतं ना आधी सिलिंडर, हजारदा सांगितलं होतं, असं सगळं तोंडात आलं. पण समोरचा चेहरा बघून ती म्हणाली, "चालू आहे."

"जळला नाही?"

"नाही. तुम्ही वेळेवर काढलात."

मास्तरांच्या डोळ्यांत समाधान दिसलं. मोठं काम हातून पार पडल्यासारखं. "बघ," ते म्हणाले, "जमलं की नाही मला." मग धाप लागली आणि नर्सने मुखवटा परत बसवला. त्यानंतर ते काही बोलले नाहीत. एका सकाळी धाकटी तोंड धुवायला गेली होती, ती परत येईतो सगळं आटोपलं होतं.

अंत्यसंस्कार तिथेच झाले. मुलगी निघाली होती, पण तिला पोचायला उशीर झाला. आली ती आईच्या गळ्यात पडून रडली नाही. उंबऱ्यात उभी राहून घरभर बघत राहिली. फुटक्या बल्बचा होल्डर, भिंतीवरचा काळा डाग, बंद मशीन.

दुकानदार भेटायला आला. त्याचे दोन्ही फ्रीझर गेले होते, माल सगळा रस्त्यावर टाकावा लागला होता. हाताला पट्टी. तो दारातच बसला, आत येईना.

"मी मशीनचं ओरडणं ऐकलं होतं ताई," तो म्हणाला. "टीं टीं वाजत होतं. मला वाटलं, रोजचंच आहे. माझं इथे पेटलं होतं."

"तुमचं काय चुकलं?" धाकटी म्हणाली.

"एकदा वर येऊन बघायला हवं होतं."

नाही, असं धाकटीला म्हणता आलं असतं, पण म्हणवलं नाही. तो उठायला लागला तेव्हा तिने विचारलं, "दूध कुठे ठेवता आता?"

"बर्फावर."

"आमचा फ्रिज घेऊन जा. चालू आहे तो."

"नको ताई."

"घेऊन जा," ती म्हणाली. दोन माणसं आणून त्याने फ्रिज खाली नेला. जिन्याच्या वळणावर तो अडकला, भिंतीचा पोपडा निघाला. धाकटी वरून बघत होती. स्वयंपाकघरात परत आली तर फ्रिज होता त्या जागी फरशीचा एक चौकोन बाकीच्यापेक्षा उजळ दिसत होता. तिने तो ओल्या फडक्याने पुसला. पुसून काही फरक पडणार नव्हता.

मशीन तिने दवाखान्याला दिलं. वरच्या बाईने सामान बांधायला मदत केली. स्टॅबिलायझर उचलताना बाई म्हणाली, "हा चांगला आहे, मी ठेवू का?" धाकटीने मान हलवली. बाईने तो वर नेला, आणि धाकटी बराच वेळ खिडकीकडे पाठ करून उभी राहिली.

लाल दिव्याचं तिने कुणाला सांगितलं नव्हतं. वायरमनला ते कळलं असणार. तो बल्ब बदलायला आला तेव्हा स्टॅबिलायझरकडे बघून काही बोलणार होता, पण तिचा चेहरा बघून थांबला. मशीनला धोका नव्हताच. स्टॅबिलायझरने पहिल्याच क्षणी वीज तोडली होती. मशीन थांबलं, ओरडलं, आणि मास्तरांना वाटलं ते जळतंय. त्यांनी त्याचा प्लग काढला. दिव्याचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता, कारण तो तिने त्यांना कधी सांगितलाच नव्हता. मग त्यांना उघडा पडलेला फ्रिज आठवला. सिलिंडर हाताशी असताना, नळी उशीवर टाकून ते तो लांब बोळ चालत गेले. इथवर तिला सगळं स्पष्ट दिसत असे. त्या बोळात, अर्ध्या वाटेवर, परत फिरावं असं त्यांना वाटलं असेल का, याच्यापुढे तिची मती चालत नसे.

ती मायदेशी परतली. थोरलीच्या घरात मागची खोली तिला मिळाली. मुलगी नोकरीला लागली होती, सुट्टीच्या दिवशी यायची. दोघी जेवायच्या, भांडी आवरायच्या, पण बोलणं पुढे सरकत नसे. एका रविवारी दुपारी, भाजी निवडता निवडता, धाकटीने तिला सगळं सांगितलं. चपलांचं, लाल दिव्याचं, फ्रिज चालू आहे म्हटल्याचं.

मुलीने मेथीची जुडी खाली ठेवली. तिचा चेहरा ताठ झाला.

"मला चपलांचं काही नाही, दिव्याचं काही नाही," ती म्हणाली. "मला एवढंच सांग, तुम्ही तिथे इतकी वर्षं थांबलात कशाला? मी दर फोनवर रडत होते. काय होतं तिथे?"

धाकटी खरं उत्तर शोधत होती. तिथे घर होतं, म्हणावं तर ते भाड्याचं. काम होतं, त्यानेच माणूस नेला. सवय झाली होती, असं म्हणणं मुलीच्या तोंडावर मारल्यासारखं झालं असतं.

"मला नाही सांगता येत गं," शेवटी ती म्हणाली.

मुलगी उठून बाहेर गेली. अंगणातल्या नळावर तिने तोंड धुतल्याचा आवाज आला. थोरली आतून येऊन दारात उभी राहिली आणि बहिणीकडे बघून मेथी निवडायला बसली. त्या आठवड्यात मुलीचा फोन आला नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. मग एका शनिवारी ती न कळवता आली, खांद्यावरची पिशवी मागच्या खोलीत ठेवली आणि आईच्या कॉटशेजारी आपली गादी घातली. झाल्या गोष्टीचं नाव कुणीच काढलं नाही. धाकटीने तिच्यासाठी पाणी तापवलं, आणि मुलीने आवाज दिला, "आई, टॉवेल कुठे आहे?"